सायकली वगळून

१

किनु त्सुकुदा गेली त्याच्या पाचव्या दिवशी तिची मुलगी चिदोरी आळीभर माफी मागत फिरत होती.

हातात पिशवी, पिशवीत पांढऱ्या कागदात बांधलेले मिठाईचे अकरा डबे. दार वाजवायचं, कमरेत वाकायचं, आमच्या आईने तुम्हाला फार त्रास दिला म्हणायचं, डबा द्यायचा आणि पुढच्या दाराशी जायचं. गाडीखाली आई गेली हिची, आणि माफी मागायची हिनेच. कारण काय, तर म्हातारी उलट दिशेने सायकल चालवत होती असं पोलिसांच्या कागदावर आलं होतं. एकदा कागदावर 'उलट' आलं की मेलेल्या माणसाचं दुःख संपतं आणि चूक तेवढी उरते.

तोशिए मिकामी विजेच्या खांबाशी सायकल टेकवून हे बघत होती आणि तोंडात आलेली शिवी गिळत होती. सत्तावन्न वर्षांची, आखूड केसांची बाई. विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी करून पोट भरायची. त्याआधी इथेच, साकाईत, एका कारखान्यात सायकलच्या साखळ्या तपासायची. तिच्या फायलीत एक छापील फॉर्म होता आणि त्यात एक ओळ होती: 'सायकलस्वाराची दिशा – सुलट / उलट.' वीस वर्षांत तिने 'उलट'वर कितीदा खूण केली होती, ते तिने कधी मोजलं नव्हतं. गाडीवाला जिवंत असायचा, तो बोलायचा. दुसरा बोलत नसायचा. खूण करायला सोपं जायचं.

आओया आळी म्हणजे दोनशे मीटरची चिंचोळी गल्ली. एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला ट्रामचा रस्ता. गाड्यांनी देवळाकडून शिरायचं आणि ट्रामकडे बाहेर पडायचं. ट्रामच्या टोकाला 'प्रवेश बंद'ची लाल थाळी आहे आणि तिच्याखाली वीतभर पांढरी पट्टी: 'सायकली वगळून'. म्हणजे सायकलने दोन्हीकडून यावं-जावं, कायद्यानेच. फक्त आपली डावी बाजू सोडायची नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली एकोणसत्तर वर्षांची किनु तीस वर्षं तेच करत होती.

सोमवारी दुपारी चार वाजून अकरा मिनिटांनी लाँड्रीच्या गाडीने तिला या खांबावर चिरडलं. खांब गाडीच्या डाव्या हाताला. ड्रायव्हर म्हणाला, बाई समोरून उलट आली, तीही चुकीच्या बाजूने. आळीच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलं. सायकलचा असा चोळामोळा झाला होता की तिच्याकडून काय वाटेल ते वदवून घेता आलं असतं. प्रकरण मिटलं. आज शनिवारी पाच वाजता समितीची सभा होती. ठराव तयार होता: ती पांढरी पट्टी काढून टाकावी, उदाहरण म्हणून किनु त्सुकुदा. चिदोरीने तिथे सगळ्यांसमोर पुन्हा एकदा वाकायचं होतं.

चिदोरी खांबापाशी आली. चाळिशीतली, झोप न झालेली. तोशिएने नाव सांगताच तिने हिलाही डबा पुढे केला.

"मला कशाला?" तोशिए म्हणाली. "मी काय तुमच्या आईच्या सायकलखाली आले होते?"

चिदोरीला हसू येता येता राहिलं. आई उलट येत असणार यात तिला शंका नव्हती. आई नेहमीच तशी यायची. पोलिसांनी आईचं पाकीट दिलं, छत्री दिली, टोपलीतली आळीची फिरती पाटी तेवढी अध्यक्षांकडे दिली, कारण ती समितीची. घरोघर सूचना फिरवायची पाळी यंदा आईकडे होती, तेव्हा पाटी टोपलीत असण्यात नवल नव्हतं.

"पोलीस चौकीत ती पाटी क्षणभर हातात घेतली मी," ती म्हणाली, "तर बोटं तेलकट झाली. साखळीचं तेल असेल."

"काळं होतं?"

"नाही. नुसतं तेलकट."

साखळीचं तेल काळं नसेल तर ते साखळीचं नव्हे. तोशिएने ते मनात ठेवलं. चिदोरी पिशवी उचलून निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

"आणखी एक. आईचा नावाचा शिक्का, सहीऐवजी मारायचा तो, पाकिटात सापडला. तो दाराजवळच्या खणातून तिने आयुष्यात बाहेर काढला नव्हता. बँकेत जायचं असलं तरच. सोमवारी ती कुठल्या बँकेत गेली होती?"

२

अध्यक्ष कुरामोचींचं घर ट्रामच्या टोकाला, अगदी 'प्रवेश बंद'च्या थाळीशेजारी. चाळीस वर्षं नगरपालिकेत काढून निवृत्त झालेला माणूस. चपला जोड जुळवून ठेवलेल्या, केस जोड जुळवून विंचरलेले, आणि भिंतीला ओळीने फायली. आळीत फिरलेली प्रत्येक सूचना क्रमांक घालून, भोकं पाडून लावलेली. नातवंडांचे फोटो मात्र एका कोपऱ्यात दोनच होते.

त्यांनी चहा दिला, आदराने दिला, आणि सांगितलं तेही नीट, घड्याळ लावून. सोमवारी तीन पंचावन्नला त्सुकुदाबाई फाटकाशी आल्या. त्यांनी नवी सूचना लावलेली पाटी नेली. मागच्या रस्त्यावरच्या खाटकाकडून पॅटिस आणायला जाते म्हणाल्या, दर सोमवारी जातात तशा. आणि आळीत शिरल्या, गाड्यांच्या उलट. आपण फाटकातच उभे होतो. समोरून गाडी आली. बाई चुकीच्या बाजूला होत्या. मग आपण धावलो.

"तुमच्या विनंतीला आता बळ येणार," तोशिए म्हणाली.

कुरामोचींनी कप बशीत ठेवला. ती पट्टी काढा असं आपण तीन वर्षं लिहितोय, ते म्हणाले. एका रस्त्यावर दोन दिशा म्हणजे बेशिस्त. रस्त्याला एक दिशा असली की माणसं सुरक्षित राहतात, हे सांगायला कुणी मरायला लागतं याचं वाईट वाटतं.

त्यांना खरंच वाईट वाटत असावं. कप ठेवताना बशी वाजली.

पाटीवर कुठली सूचना होती, असं तिने जाता जाता विचारलं. क्रमांक बेचाळीस, ते लगेच म्हणाले, हिवाळ्यातल्या आगीची खबरदारी. पोलिसांनी मंगळवारी पाटी परत दिली तशी ती पुन्हा फिरती केली. आता ओरिबेबाईंकडे असेल.

बाहेर येऊन तोशिएने सायकल काढली. किनु जशी गेली म्हणे तशी, फाटकापासून आळीतून, उलट, डाव्या बाजूने निघाली. समोरून दूधवाल्याची छोटी गाडी आली. त्याने तिला पाहिलं, तिने त्याला पाहिलं. त्याने मान तुकवून गाडी जरा आत घेतली, ती पुढे गेली. मोठ्या रस्त्यावर असं उलट जाणाऱ्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं तिचं मत होतं. वळणावरचा गाडीवाला एकाच बाजूला बघतो आणि उलट्याला उडवतो. पण या गल्लीत ना वळण ना वेग. समोरचा दिसतो, त्याचे डोळे दिसतात.

खांबापाशी पोचायला तिला पन्नास सेकंद लागले.

निघाली तीन पंचावन्नला. मेली चार अकराला. पन्नास सेकंदांच्या वाटेवर किनु सोळा मिनिटं काय करत होती?

३

खांब ज्यांच्या दारात, त्या ओरिबेकाकू. देवळाकडून दुसरं घर, किनुचं चौथं. काकूंनी आधी तोशिएची सायकल कशी चुकीची लावलीय ते सांगितलं, मग तिचे केस कुठे कापले ते विचारलं, आणि मग तिला आत घेऊन लोणच्याच्या खारात पुन्हा हात घातला.

आपण काही पाहिलं नाही, त्या म्हणाल्या. लोणच्याला मीठ लावत होतो. ऐकलं मात्र. धाडकन. आधी काही नाही, नुसतं धाडकन.

"ब्रेक?"

"नाही."

"घंटी?"

काकूंचा हात खारट पाण्यातच थांबला.

"बाई गं," त्या हळू म्हणाल्या. "घंटी नाही वाजली."

मग त्यांनी सांगितलं. किनुला खोड होती. समोरून गाडी आली की ट्रिंग ट्रिंग, आणि वर ड्रायव्हरला मान लववायची. रागावून नव्हे, आलात का म्हणून विचारल्यासारखी. मेला टपालवालाही उलट भोंगा वाजवायचा. दिवसातून चारदा ही आरती. त्या घंटीवरून काकू भात चढवायच्या. सोमवारी भात उशिरा झाला.

"मग दुसरं काही वेगळं?"

"वेगळं? चढाई झाली माझ्यावर." काकूंचा आवाज चढला. पोलीस गेले तेव्हा रस्त्यावर कावळे जमले होते, काहीतरी टोचत होते. काकू खराटा घेऊन बाहेर येतायत तो कुरामोची स्वतःचा खराटा घेऊन यांच्या दारासमोरचं झाडत होते. यांच्या दारासमोरचं! जो माणूस आपल्या फाटकाच्या रेषेपुढे एक पान झाडत नाही, शेजारचं पान असेल तर पायाने परत लोटतो, तो दीडशे मीटर चालत येऊन दुसऱ्याचं अंगण झाडतो. काकूंना वाटलं, आपण घाणेरडे ठरलो. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

"काय टोचत होते कावळे?"

"बघू दिलं तर ना. सगळं पिशवीत भरून नेलं."

तोशिएने पाटी मागितली. जाड पुठ्ठ्याची पाटी, वर चिमटा, चिमट्यात कागद. प्रत्येक कागदाखाली अकरा चौकटी, प्रत्येक घराने वाचून शिक्का मारायचा. वरचा कागद: क्रमांक बेचाळीस, आगीची खबरदारी. त्याच्याखाली जुना, तेलाने डागाळलेला: क्रमांक चाळीस, कचऱ्याचे वार.

चाळीस. बेचाळीस.

आणि बेचाळीसच्या डोक्यावर कुरामोचींच्या रेखीव अक्षरात तारीख: दहा नोव्हेंबर.

किनु नऊ तारखेला मेली. उद्याची तारीख घातलेला कागद तिने आज कसा नेला?

४

मागच्या रस्त्यावरचा खाटीक ओकिनो चार वाजता दुकानाबाहेर पितळी घंटा हलवतो, म्हणजे पहिला घाणा तळून झाला. त्याआधी कुणी कितीही गयावया करो, पॅटिस मिळत नाही. त्याला आळीतली माणसं मालक म्हणतात, थट्टेने, कारण दुकान बायकोच्या नावावर आहे.

तोशिएने दोन पॅटिस घेतले. पुरचुंडीचा कागद लगेच पारदर्शक झाला, बोटं तेलकट. तिने बोटांकडे बघितलं.

"मालक, सोमवारी किनुकाकूंनी किती नेले?"

"त्या कुठल्या पोचल्या, इकडे येतानाच तर..." ओकिनो म्हणाला आणि झाऱ्या कढईत तसाच धरून राहिला.

"माझ्या हातात पोलिसांचा बिल्ला नाही," ती म्हणाली. "पण तेल ओळखता येतं मला. मी साखळ्या तपासायचे."

कढईतलं जळायला लागलं तेव्हा त्याने ते काढलं. पाच नेले, तो म्हणाला. पहिल्या घाण्यातले, चार वाजून पाच मिनिटांनी. टोपलीत पाटी आडवी होती, तिच्यावरच पुरचुंडी ठेवली. मग बातमी आली, आणि सगळे म्हणायला लागले की काकू त्याच्याकडे यायला निघाल्या होत्या. यायला! त्याला वाटलं काहीतरी विसरल्या असतील, परत येत असतील. आणि कुणी विचारलंही नाही.

"तुम्ही सांगितलंही नाही."

"काय सांगू? शेवटचा घास आमच्या दुकानचा? लोक पॅटिस बघून तेच आठवतील. धंदा आहे, ताई." त्याने मान खाली घातली. "लाज वाटते, पण धंदा आहे."

तोशिएने त्याला शिव्या दिल्या नाहीत. वीस वर्षं तिचाही धंदाच होता.

"त्या आल्या कुठून? आळीतून, देवळाकडून?"

"नाही ना! तीच तर गंमत. ट्रामच्या मोठ्या रस्त्याने पूर्ण वळसा घालून आल्या, धापा टाकत. मी म्हटलं, काकू, आज मिरवणूक कुठून? तर म्हणाल्या, मालक, आजपासून मी शिस्तीत चालते."

खाटकाकडून घरी जायचं तर देवळावरून आळीत शिरायचं. गाड्यांच्याच दिशेने, गाड्यांच्याच बाजूने, डावीकडून. म्हणजे खांबाच्या बाजूने. किनु चुकीच्या बाजूला कधी गेलीच नव्हती.

पण तीस वर्षांची वाट एका दुपारी सोडायला तिला सांगितलं कुणी?

५

शिगेता सव्वीस वर्षांचा होता. लाँड्रीने त्याला गाडीवरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं होतं. तोशिए आली तसा तो उठून वाकला, खूप खोल, खूप वेळ. पोलिसांना सांगितलं तेच त्याने सांगितलं, पाठ केल्यासारखं. बाई समोरून आली. उलट. चुकीच्या बाजूने.

तोशिए त्याच्यासमोर बसली आणि तीही चादरीचं एक टोक धरून घडी घालायला लागली. दोन घड्या झाल्या. तिसरीला तिने विचारलं:

"चष्मा होता का रे तिला?"

"कुणाला?"

"समोरून आली ना? त्या वेळी पश्चिमेचं ऊन थेट तिच्या पाठीवर आणि तुझ्या तोंडावर. तरी दोन हातांवर आल्यावर दिसलं असेल. चष्मा? रुमाल बांधलेला? हसत होती, ओरडत होती?"

शिगेताच्या हातात चादर तशीच राहिली.

"घंटी वाजवली तिने? समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाजवायची. मान लववायची. तुला लववली?"

"मला..." तो म्हणाला आणि चादर खाली ठेवली.



मग ते आलं, तुटक तुटक. देवळाकडून शिरलो. ऊन डोळ्यांत. पुढचं घर कुठलं म्हणून यादीकडे बघितलं, एक क्षण, दोन क्षण. धाडकन झालं. कशाला लागलं तेही कळलं नाही. उतरलो तर बाई खांबाशी. पाठमोरी. चेहरा आपण पाहिलाच नाही, नंतरही पाहवला नाही. मग अध्यक्ष धावत आले. आधी बाईकडे बघितलं, मग टोपलीतून पडलेल्या पाटीकडे. आणि मग आपल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले...

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बाई उलट येत होती ना?'" शिगेताने डोळे मिटले. "मला फक्त हो म्हणायचं होतं. एवढंच. म्हणालो."

"आज पाच वाजता सभा आहे," तोशिए म्हणाली.

"मला जेलमध्ये टाकतील?"

खोटं सांगायचं तिच्या जिवावर आलं. "माहीत नाही. पण तिची मुलगी आज तुझ्या वाटची मान खाली घालणार आहे. ते बघायला येशील का नाही, ते तू ठरव."

६

समितीच्या खोलीत लांब टेबल, टेबलाभोवती दहा माणसं, प्रत्येकापुढे चहा आणि बशीत मिठाई. अध्यक्षांनी स्वतःला मिळालेला डबा सभेसाठी आणला होता, वाया जायला नको म्हणून. चिदोरीने सकाळी माफी म्हणून दिलेली मिठाई ते चहाबरोबर खात होते. चिदोरी दाराशी काळ्या कपड्यांत उभी होती.

कुरामोची ठराव वाचायला उठले तेव्हा तोशिए आत आली आणि विचारल्याशिवाय बोलायला लागली. तिला भाषण येत नव्हतं. तिने हिशोब मांडावा तसं मांडलं.

तीन पंचावन्नला किनु अध्यक्षांच्या फाटकातून निघाली. चार अकराला खांबाशी मेली. मधली वाट पन्नास सेकंदांची. चार वाजून पाच मिनिटांनी ती खाटकाच्या दुकानात होती, पाच पॅटिस घेत. म्हणजे ती खाटकाकडे चाललेली नव्हती, खाटकाकडून घरी चालली होती. देवळाकडून. गाड्यांच्या दिशेने. डाव्या बाजूने. घंटी वाजली नाही, कारण गाडी तिच्या पाठीत होती आणि पाठीला डोळे नसतात. पॅटिस रस्त्यावर सांडले, कावळे जमले, आणि ते अध्यक्षांनी झाडून नेले. ओरिबेकाकूंच्या दारासमोरून.

"बघा," ओरिबेकाकू टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "मी सांगत नव्हते?"

"हे तर्क झाले," कुरामोची म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "मी पाहिलं आहे. आणि ड्रायव्हरनेही."

"मी नाही पाहिलं."

शिगेता दाराबाहेर जोडे काढत होता. एक पाय जोड्यात, एक बाहेर. तो तिथूनच बोलला. "मी मागून धडकलो. मी यादी बघत होतो."

तोशिए अध्यक्षांकडे वळली.

"सूचना क्रमांक चाळीस कचऱ्याची. बेचाळीस आगीची, दहा तारखेची. एक्केचाळीस कुठे आहे?"

"तशी सूचना नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग मी अहवालात लिहिते की कुरामोचींच्या हातून क्रमांक सुटला. चाळीसनंतर थेट बेचाळीस. विसरभोळेपणा. वय झालं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाने खोटं बोलायचं ठरवलं होतं, मेलेल्या बाईची चूक करायचं ठरवलं होतं, दुसऱ्याचं अंगण झाडायचंही ठरवलं होतं. पण क्रमांक घातलेला कागद त्याच्याने फाडवला नसता, हे तिला सकाळी त्या फायलींची भिंत बघितल्यापासून ठाऊक होतं. चाळीस वर्षांत त्याने कागद फाडला नव्हता. पोलिसांनी पाटी परत दिली तेव्हा त्याने एक्केचाळीस काढला, भोकं पाडली आणि फायलीत लावला. दुसरं काही करणं त्याला सुचलंच नसेल.

कुरामोचींनी खाली ठेवलेली सूचनांची फाईल, दर सभेला आणायचे ती, उचलली. कागद त्यांनी स्वतःच काढून टेबलावर ठेवला.

'आओया आळीतील सर्व सायकलस्वारांनी, चिन्हाने मुभा असली तरी, आजपासून फक्त गाड्यांच्या दिशेनेच ये-जा करावी. पाटी फिरवणाऱ्यांनी स्वतःपासून सुरुवात करावी.' तारीख नऊ नोव्हेंबर. कागदाच्या मधोमध बशीएवढा तेलाचा डाग, आरपार. अकरा चौकटींपैकी पहिलीत लाल शिक्का: त्सुकुदा. बाकीच्या दहा कोऱ्या.

"चिन्ह पोलिसांचं," तोशिए म्हणाली. "ते बदलायचा समितीला काडीचा अधिकार नाही. वरून पट्टी काढत नाहीत, तर आधी माणसांना वळवू, असं तुम्ही ठरवलंत. एकीने ऐकलं. सोळा मिनिटं ऐकलं. आणि ती रस्त्यावर पडली तेव्हा तुम्हाला आधी हा कागद दिसला."

"मी त्यांच्या भल्यासाठी..." कुरामोची म्हणाले. "येताना शिक्का घेऊन या म्हणून मीच फोन केला होता. त्यांनी ऐकलं तर आळी ऐकेल, म्हणून."

तोशिएने फॉर्म काढला आणि 'सुलट'वर खूण केली. पेन कागदात रुतलं. घरी कपाटात तिच्या सहीचे वीस वर्षांचे अहवाल होते. त्यातल्या किती जणांचा चेहरा गाडीवाल्याने खरंच पाहिला होता, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. उद्यापासून ते काढावे लागणार होते, एकेक करून, आणि त्यातली माणसं आता कुठलंही उत्तर देणार नव्हती.

चिदोरी टेबलाशी आली. तिने कागद उचलला नाही. शिक्क्यावर बोट ठेवलं फक्त.

"शिक्का मारताना आई काही म्हणाली का?"

कुरामोचींनी फाईल मिटली. चिदोरीने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात.

"त्या म्हणाल्या," अध्यक्ष टेबलाकडे बघत म्हणाले, "मागून येणारा मला दिसणार कसा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, तुम्हाला बघायची गरज नाही. तो बघेल."

दाराशी शिगेताच्या तोंडून काहीतरी निघालं, रडणंही नव्हे आणि शब्दही नव्हे.

चिदोरी सरळ झाली. तिने मिठाईचा रिकामा डबा उघडला आणि टेबलाच्या एका टोकापासून निघाली. प्रत्येकाच्या बशीतली मिठाई उचलायची, डब्यात ठेवायची, पुढची बशी. अर्ध्या खाल्लेल्याही तिने सोडल्या नाहीत. ओरिबेकाकूंनी आपली स्वतःच पुढे केली. कुरामोचींच्या बशीपाशी ती थांबली. त्यांनी अजून हात लावला नव्हता. ती तिने सगळ्यात शेवटी उचलली, डब्याला झाकण लावलं, आणि या वेळी कुणासमोरही न वाकता बाहेर गेली.